तिसरे दरपत्रक

बाबा जाऊन सहा वर्षे झाली,
अजून ते टेंडर भरतात
आणि दरवेळी हरतात.
हरायचे पाचशे रुपये. ते मी घेते.

पंचायत समितीसमोर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून
माझे टेबल, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर,
आणि खालच्या ड्रॉवरमध्ये पावडरच्या रिकाम्या डब्यात
बाबांचा शिक्का:
मे. उरकुडा निकुरे अँड सन्स,
शासकीय कंत्राटदार, सावरटोला.
सन्स नाहीत. मी आहे.
शिक्केवाला म्हणाला होता, "डॉटर कोनी लिहित नाई बाप्पा,"
आणि अक्षरामागे पैसे घेतले होते.

बुल्ले ठेकेदार मोटरसायकल बंद न करताच सांगतो,
"पोरी, तीन काढून ठेव."
एक त्याचे, एक त्याच्या साळ्याचे,
तिसरे बाबांचे.
त्याचे साध्या अक्षरात, साळ्याचे जरा तिरपे,
बाबांचे ठळक, त्यांना कमी दिसायचे म्हणून.
एकदा तिन्हींत 'लोखंड'चे 'लोंखड' झाले.
तीन कागद, एक चूक, पाच सह्या.
कोणाला दिसली नाही.
तुलनात्मक तक्ताही मीच करते,
बाबू तोवर चहा पितो.

बुल्ले: दोन लाख अठ्ठ्याण्णव हजार.
साळा: दोन लाख नव्व्याण्णव हजार चारशे.
बाबा: दोन लाख नव्व्याण्णव हजार नऊशे.
तीन लाखांवर गेले की परका माणूस येतो,
म्हणून नाला कितीही रुंद असो,
काम तीन लाखांच्या आतच मावते.

जिवंतपणी बाबा एकदा हरले होते.
समाजमंदिराचे काम, दर त्यांचाच कमी.
पाकीट साडेबाराला नेऊन दिले,
आवक वहीत सव्वापाच लिहिले गेले:
"विहित वेळेनंतर प्राप्त."
"विहित म्हंजे काय गं?" मला विचारले.
मी आठवीत. म्हटले, विहिरीचे असेल काही.
ते हसले नाहीत.
विहिरी त्यांनी पुष्कळ बांधल्या होत्या.

यंदा सावरटोल्याच्या नाल्यावरचा रपटा निघाला.
पहिला बुल्लेने बांधलेला, पोळ्याच्या आत वाहून गेला.
आत सळई नव्हतीच. गिट्टी म्हणून टाकलेला मुरूम
बायांनी घमेल्याने घरी नेला,
अंगणात पसरला.
मोजमाप पुस्तिकेत मात्र तो रपटा अजून उभा आहे,
नऊ मीटर लांब.

त्या रात्री बाबांची वही काढली.
पेन्सिलीने लिहिलेले: सिमेंट पोते, बारा एमएम किलो,
मिक्सरचे भाडे, सात बाया, चार माणसे, दोन वेळचा चहा.
सगळ्यात खाली 'नफा वीस हजार',
तोही खोडून पंधरा.
आजच्या भावाने मी पुन्हा मांडले.
दोन लाख चौदा हजार.

तेच टाकले. ठळक अक्षरात.
शाई वाळली होती, पॅडवर चहाच्या पेल्यातले पाणी शिंपडले,
शिक्का मारला, बाबांची सही केली;
'नि'ची वेलांटी ते उलटी काढायचे, तशीच काढली.
तक्ता नेहमीसारखा चौघडी करून पाठवला.
वाचला असता तर सापडले असते.

सोमवारी पोस्टमन विचारत आला,
"उरकुडा निकुरे? हे तं मेले नं?"
मी सही करून घेतला.
कार्यारंभ आदेश.
न्यूनतम दरधारक म्हणून आपली निवड झाली असून
सात दिवसांत काम सुरू न केल्यास
आपले नाव काळ्या यादीत टाकण्यात येईल.

रस्त्यापलीकडे बुल्लेची मोटरसायकल येऊन थांबली.
आज त्याने ती बंद केली.
मी वहीच्या मागच्या पानावर
मिक्सरवाल्याचा नंबर शोधत होते.